दिवाळी पहाट की भिंत? प्रभागाच्या कला समितीत नव्यानं आलेल्यांसाठी

खात्यात दोन-अडीच लाख, वर्षाला एकच मोठं काम झेपेल एवढी माणसं, आणि बैठकीत दोन गट. एकाला दिवाळी पहाट हवी, दुसऱ्याला पाण्याच्या टाकीजवळची भिंत रंगवून हवी. या महिन्यात शेजारच्या दोन प्रभागांतली मंडळी हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे येऊन गेली. मी चार वर्षं आमच्या समितीचा खजिनदार होतो. तीन वर्षं दिवाळी पहाट केली, चौथ्या वर्षी भिंत. हिशेबाच्या वह्या आहेत, पण खरं सांगायचं तर माझं मत वह्यांवरून बनलेलं नाही.

बैठकीत कुणीतरी पुतळ्याचा विषय काढतोच. राष्ट्रपुरुषाचा पुतळा म्हणजे मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, मग जागेची कागदपत्रं. प्रभागाच्या समितीनं त्या वाटेला जाऊ नये.

पहाटेची बाजू दुबळी नाही. त्या दिवशी माणसं तशीही घराबाहेर पडायच्या तयारीतच असतात. डोंबिवलीच्या फडके रोडवर दिवाळीच्या सकाळी जी गर्दी होते तिला बोलावणं लागत नाही. उटण्याचा वास, नवे कपडे, एरवी एकमेकांकडं न बघणारे दोन शेजारी एकाच रांगेत, हे भिंतीला जमणार नाही. शिवाय कार्यक्रम फसला तर दुपारपर्यंत लोक फराळात विसरतात. भिंत फसली तर पाच वर्षं रोज भाजी आणायला तिच्यासमोरूनच जावं लागतं.

मग माझं मन का उडालं? ललतामुळं. ललत म्हणजे सूर्य उगवायच्या आधी गायचा राग.

उघड्यावर ध्वनिक्षेपकाला रात्री दहा ते सकाळी सहा बंदी आहे. सणांसाठी मोजक्या दिवसांची जी सवलत मिळते ती रात्री बारापर्यंतची. पहाटेच्या बाजूला काहीच नाही. बरेच जण साडेपाचला सुरू करतात हे मलाही माहीत आहे, पण आमच्या अर्जावर सही माझी होती. म्हणजे माईक सहाला सुरू. आणि दिवाळीच्या सुमारास आमच्याकडं सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो. पहाटेचे राग गाऊन घ्यायला हातात अर्धा तास.

पहिल्या वर्षी आमच्याच प्रभागातल्या एक गायिका होत्या. साडेपाचला तंबोरे लावून बसल्या. सहाला माईक सुरू झाला आणि त्यावर पहिला आवाज निवेदकाचा आला. प्रमुख पाहुणे सहा पंचवीसला. समईच्या वाती वाऱ्यानं तीनदा विझल्या. मग अकरा देणगीदार, अकरा शाली, अकरा नारळ, त्यातल्या दोघांची मनोगतं. बाईंनी सा लावला तेव्हा सव्वासात वाजून गेले होते, उन्हं खुर्च्यांवर आली होती आणि मागची माणसं खुर्च्या उचलून सावलीला नेत होती. सुरू करण्याआधी त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. ‘‘ललत आता नको ना? तोडीच गाते.’’ त्या हसून म्हणाल्या, पण मला मान वर करता येईना.

दुसऱ्या वर्षी सत्कार शेवटी ठेवले. पाहुण्यांना अजून तीन ठिकाणी जायचं होतं, निरोप आला की आधीच उरका. तिसऱ्या वर्षी मध्यंतरात ठेवले. निम्मे श्रोते तेवढ्यात घरी गेले ते परत आलेच नाहीत. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. पहाटेचे पैसे दरवर्षी नव्यानं गोळा करावे लागतात आणि सत्कार ही त्या पैशांची पावती असते. पावती न देता पुढच्या वर्षी वर्गणी कशी मागणार? यात दोष कुणाचाच नव्हता. पण ज्या घटकेसाठी हा सगळा खटाटोप, तीच घटका दरवर्षी पावत्या फाडण्यात जायची.

भिंतीला पावती एकदाच द्यावी लागते, खालच्या कोपऱ्यात, वीतभर जागेत.

अर्थात भिंतीचंही दुखणं आहे, आणि ते म्हणजे लोणा, ओलीबरोबर भिंतीवर फुलणारा पांढरा क्षार. आम्ही पावसाळा संपल्यावर जुना रंग खरवडला, पुट्टी-प्रायमर केलं, बाहेरच्या भिंतीचाच रंग वापरला, तरी पुढच्या पावसाळ्यानंतर खालचे दोन फूट पांढरे फुलले. शेवटी चित्रकारानं तेवढा पट्टा सरळ गेरूच्या रंगाचा करून टाकला. दरवर्षी दसऱ्याला आम्हीच तो ब्रशनं मारतो, डबाभर रंगात भागतं. जमिनीतून ओल चढत असेल तर चित्र मुळातच वरून सुरू करा. आणि भिंतीच्या मालकाकडून ना हरकत घेताना किती वर्षांसाठी तेही लिहून घ्या. रस्ता रुंद व्हायचा असेल तिथली भिंत तर नकोच.

विषयावरून भांडण होईल. आमच्याकडं ‘वारली काढा, स्वस्तात होतं’ असा आग्रह होता. मी विरोध केला. लग्नघरात तांदळाच्या पिठानं चौक लिहिणाऱ्यांची ती चित्रं. हवीत तर डहाणू-तलासरीकडच्या कलाकारांना मानधन देऊन बोलवा, फलक रंगवणाऱ्याकडून नक्कल नको. आमच्या भिंतीवर शेवटी जुना आठवडे बाजार आला. परांची तीन आठवडे उभी होती, आणि पहाटेच्या तीन वर्षांत मिळून झाल्या नसतील एवढ्या गप्पा तिच्याखाली झाल्या. बाजारातली तोडलेली चिंच डावीकडं होती की उजवीकडं, यावर म्हाताऱ्यांचे दोन तट पडले. चित्रकारानं झाड दोनदा पुसलं. शेवटी ते डावीकडं राहिलं.

पहाटवाले मला मुंबईतल्या काळा घोडा चौकाचं उदाहरण देतात. घोडेस्वाराचा जुना पुतळा १९६५ साली तिथून हलवून राणीच्या बागेत नेला, चौकाला नुसतं नाव उरलं; १९९९ पासून तिथं कला महोत्सव भरू लागला आणि स्वार नसलेला नवा घोडा २०१७ साली आला. म्हणजे आधी उत्सव, मग शिल्प. मुद्दा बरोबर आहे. पण दरवर्षी उत्सव उभा करायला जी माणसं आणि जो पैसा लागतो, तो प्रभागाच्या समितीकडं नसतो. वांद्र्याला एमटीएनएलच्या इमारतीवर २०१४ साली दादासाहेब फाळके रंगवले गेले, ते चित्र पुलावरून जाताना बघायला कुणाला पत्रिका लागली नाही.

तुमच्याकडं बंदिस्त सभागृह असेल आणि एखादा देणगीदार नावाशिवाय पैसे देणारा असेल, तर पहाट जरूर करा. मी पहिल्या रांगेत येऊन बसेन. नसेल, तर आधी जाऊन भिंतीला हात लावून बघा, ओल आहे का.

त्या गायिका परवा भाजी घेऊन येताना भिंतीपुढं भेटल्या. पिशवी खाली ठेवून बराच वेळ बघत उभ्या होत्या. म्हणाल्या, चिंच उजवीकडं होती.