लोटस एलिस १११आर: वर्षभर वापरल्यावर, आणि ‘कुठली पिढी भारी?’ या वादावर माझं मत

एलिस ही लोटसची छोटी, हलकी दोन आसनी स्पोर्ट्स कार. एलिसवाले चार जण एकत्र आले की पाचव्या मिनिटाला हा विषय निघतोच: एस वन, म्हणजे पहिली पिढी, की एस टू, म्हणजे दुसरी? मी इथे इंग्लंडमध्ये गेलं वर्षभर एस टू पिढीतलं १११आर हे मॉडेल चालवतोय, रस्त्यावर आणि रेसिंगच्या ट्रॅकवरही. इथले दोन-तीन मराठी मित्र सध्या एलिस शोधतायत आणि प्रत्येक जण हेच विचारतो, म्हणून सविस्तर लिहितोय. माझं उत्तर ठाम आहे. गाडी घरून चालवत ट्रॅकवर न्यायची, दिवसभर पिळायची आणि संध्याकाळी तिनेच घरी यायचं असेल, तर टोयोटा इंजिनवाली एस टू घ्या.

एस वनवाल्यांचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. १९९५ च्या फ्रँकफर्ट शोमध्ये ही गाडी आली तेव्हा तिच्या चॅसिसने, म्हणजे सांगाड्याने, सगळ्यांना चकित केलं होतं. लोटसचे अभियंते रिचर्ड रॅकहम यांनी ॲल्युमिनियमचे एक्स्ट्रुजन (साच्यातून दाबून काढलेले लांब भाग) वेल्डिंगऐवजी इपॉक्सीने चिकटवून ती उभी केली. नुसत्या चॅसिसचं वजन ६८ किलो, अख्खी गाडी सव्वासातशेच्या आसपास. माझी १११आर ८६० किलोची. दोन्हींत पॉवर स्टिअरिंग नाही, पण एका ओळखीच्यांची एस वन चालवली तेव्हा फरक लगेच जाणवला. तिचं स्टिअरिंग आणखी हलकं आहे आणि पुढची चाकं कुठे पकड सोडतायत ते बोटांना आधी कळतं. ब्रेकला सर्वो (पायाचा जोर वाढवणारी यंत्रणा) नसल्यामुळे पेडल दगडासारखं घट्ट, पण पायाने जेवढं मागाल तेवढंच मिळतं. हे सुख एस टूमध्ये थोडं कमी आहे, हे मान्य करायलाच हवं.

शिवाय कंपनीने एस टूला पुढे १७५ मिमी रुंदीचे टायर दिलेत, एस वनला १८५ चे होते. पुढची पकड जाणूनबुजून कमी ठेवलेली आहे, म्हणजे नवख्याच्या हातून गाडीची शेपूट सुटू नये. वळणात घाईने शिरलात की गाडी नाक बाहेर काढते. त्यामुळे ब्रेक जरा उशिरापर्यंत धरून, वजन पुढे ठेवूनच वळवावी लागते. सवय झाली की त्यातच मजा येते.

मग एस टू का? इंजिनामुळे. एस वनमध्ये रोव्हरचं के-सिरीज आहे, १.८ लिटर, ११८ बीएचपी. वजनाला हलकं, स्वभावाने गोड, पण हेड गॅस्केटच्या (इंजिनाच्या वरच्या-खालच्या भागांमधल्या सीलच्या) बाबतीत कुप्रसिद्ध. रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे, मध्ये कूलंटचा लांबलचक प्रवास. थर्मोस्टॅट उघडला की गरम इंजिनात एकदम थंड पाणी येतं, आणि ते गॅस्केटला मानवत नाही. सुधारित गॅस्केट मिळतं, नीट बसवलं तर टिकतंही. तरी ट्रॅकवर अर्धं लक्ष तापमानाच्या आकड्याकडेच राहतं. अमेरिकेत गाडी विकायची तर हे इंजिन तिथल्या प्रदूषणाच्या नियमांत बसत नव्हतं, म्हणून २००४ मध्ये लोटसने टोयोटाचं २झेडझेड घेतलं. तेच टोयोटाच्या सेलिका गाडीतलं, १८९ बीएचपी, जोडीला सहा गिअर.

हे इंजिन ६००० आरपीएमपर्यंत साधं, समजूतदार वागतं. ६२०० च्या आसपास कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा भाग) बदलतो आणि पाठीमागून येणारा आवाजच पालटतो, तो थेट ८००० च्या पुढेपर्यंत. स्नेटर्टन या ट्रॅकवर, बेंटवॉटर्स स्ट्रेटला तिसऱ्यातून चौथ्यात टाकताना आरपीएमचा काटा कॅम बदलतो त्या आकड्याच्या खाली पडू द्यायचा नाही, एवढं एक पथ्य पाळलं की गाडी पळत राहते. उन्हाळ्यातल्या ट्रॅक डेला (स्वतःची गाडी ट्रॅकवर पळवायच्या दिवशी) सकाळपासून संध्याकाळपर्यंत पिळली आणि रात्री मोटरवेने घरी आलो, तापमानाचा काटा कधी बावचळला नाही. एलिसकडून मला हवं होतं ते हेच.

एक काळजी मात्र घ्या. स्नेटर्टनचं कोरम हे उजवं वळण संपता संपत नाही. अशा लांब वळणात सम्पमधलं (इंजिनाच्या तळाच्या टाकीतलं) तेल एका बाजूला जातं आणि पंपाला हवा ओढावी लागते. चिकट टायर लावणार असाल तर त्याआधी आडपडदे असलेला सम्प बसवून घ्या. इंजिनाच्या किमतीपुढे तो खर्च काहीच नाही.

तिसऱ्या पिढीबद्दल, म्हणजे एस थ्रीबद्दल, थोडक्यात. चॅसिस तीच, चेहरा नवा. १.६ चं इंजिन १३४ बीएचपीचं आणि किफायतशीर, पण ट्रॅकवर वरच्या रेव्हमधली ती धमक नाही. सुपरचार्जरवाल्या जोरदार आहेत, मात्र २०२१ मध्ये उत्पादन थांबल्यापासून विकणारे खाली यायला तयार नाहीत.

आता एका गोष्टीबद्दल कळकळीने सांगतो, मागच्या टो-लिंकबद्दल, म्हणजे मागच्या चाकाची दिशा पक्की धरणाऱ्या दांड्याबद्दल. एस टूचा हा सगळ्यात धोकादायक कच्चा दुवा. आतला बॉल जॉइंट ट्रॅकच्या माराने झिजतो आणि तुटला तर मागचं चाक भलतीकडेच वळतं. माझी गाडी सर्व्हिसला दिली होती तिथून ‘सगळं ठीक’ असा कागद मिळाला. ट्रॅक डेच्या आदल्या संध्याकाळी मागची बाजू जॅकवर घेतली, चाक डाव्या-उजव्या कडांना धरून हलवलं, तर बारीकसं ‘टक्’ हाताला लागलं. दुसऱ्या दिवशीचा ट्रॅक डे रद्द केला आणि दोन्ही बाजूंना मजबूत टो-लिंकचा किट बसवला. गॅरेजच्या कागदावर विसंबू नका, हे स्वतःच्या हाताने बघा.

रोजच्या वापराचं फार लिहिण्यासारखं नाही. छत म्हणजे दोन पट्ट्या आणि कापडाची गुंडाळी, जोराच्या पावसात कोपऱ्यातून मांडीवर थेंब पडतोच. एस टूचा दाराखालचा उंबरठा एस वनपेक्षा बुटका आहे, त्यामुळे आत-बाहेर करणं सुसह्य झालंय. आई पुण्याहून आली होती, तीही एकदा हौसेने बसली.

बघायला जाल तेव्हा जुने एमओटीचे (इथल्या सक्तीच्या वार्षिक तपासणीचे) निकाल ऑनलाइन वाचूनच जा, टो-लिंक आणि सस्पेन्शनचे शेरे तिथे दिसतात. गाडीचा पुढचा भाग म्हणजे फायबरचा एकच अखंड क्लॅम. त्यावर दिव्यांच्या भोवती आणि नंबरप्लेटच्या मागे उन्हात तिरकं बघा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा दिसल्या तर किंमत त्या हिशोबाने पाडून घ्या. आणि इंजिन पूर्ण गरम झाल्यावर एकदा तरी ६२०० च्या वर नेऊन बघा. सुरुवातीच्या काही २झेडझेडमध्ये कॅमचे लोब (उंचवटे) झिजतात, मग वरचा कॅम लागतच नाही. विकणारा ‘थंड आहे, नको’ म्हणाला तर गरम होईपर्यंत थांबा.