सरकारी पैशाचे वाटप की गावाची पाहणी : लहान कम्युनिटी फाउंडेशनने आधी काय घ्यावे?

कॅनडातल्या एखाद्या लहान शहराच्या कम्युनिटी फाउंडेशनच्या (म्हणजे स्थानिक लोकांच्या देणग्यांतून निधी उभारून गावातल्या कामांना अनुदान देणाऱ्या संस्थेच्या) बोर्डावर नव्याने गेलेल्या माणसापुढे पहिल्या वर्षातच एक निवड येऊन उभी राहते. १९९२ साली स्थापन झालेली ‘कम्युनिटी फाउंडेशन्स ऑफ कॅनडा’ ही आपली राष्ट्रीय संघटना असून दोनशेहून अधिक स्थानिक फाउंडेशने तिची सभासद आहेत. तिच्याकडून मिळणारी प्रशिक्षणे, धोरणांचे नमुने आणि इतर गावांतल्या सहकाऱ्यांशी होणारी ओळख सगळेच घेतात. त्यात ठरवण्यासारखे काही नाही. ठरवावे लागते ते दोन मोठ्या कामांबाबत. केंद्र सरकारचा पैसा संघटनेमार्फत आपल्या गावात वाटण्याची जबाबदारी घ्यायची, की ‘व्हायटल साइन्स’ ही गावाच्या प्रकृतीची पाहणी हाती घ्यायची? दोन्ही एकदम जमेल असे बैठकीत नेहमी वाटते. एक पूर्णवेळ आणि एक अर्धवेळ माणूस असलेल्या कार्यालयात ते जमत नाही, निदान आम्हाला जमले नाही.

सरकारी पैशाची बाजू आधी मांडतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. समजा, आपला कायम निधी ३० लाख डॉलरचा आहे. २०२३ पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे पहिल्या दहा लाखांवर साडेतीन टक्के आणि त्यावरच्या रकमेवर पाच टक्के एवढा खर्च धर्मादाय कामांवर करावाच लागतो. म्हणजे वर्षाला १ लाख ३५ हजार डॉलर. त्यातला बराचसा भाग देणगीदारांनी आधीच कोणत्या ना कोणत्या कारणाला बांधून ठेवलेला असतो. अनुदान समितीच्या हातात मोकळे उरते ते एखाद्या बऱ्या मोटारीच्या किमतीएवढे. याउलट २०२० मध्ये करोनाच्या काळात सरकारने ३५ कोटी डॉलर युनायटेड वे (देणग्या गोळा करून समाजकार्याला देणारी संस्था), रेड क्रॉस आणि आपली संघटना या तिघांमार्फत देशभर पोचवले, आणि २०२३ मध्ये सामाजिक संस्थांना सावरण्यासाठी याच तिघांकडे आणखी ४० कोटींचा निधी सोपवला. त्यातला लहानसा वाटा जरी गावात आला, तरी एरवी आपल्या दारात कधीही न आलेल्या संस्था अर्ज घेऊन येतात, आणि ती ओळख पैसा संपल्यावरही टिकते. हा फायदा मी कमी लेखणार नाही.

तरीही माझे मन या वाटेवरून उतरले ते एका बुटांच्या खोक्यामुळे. अशाच एका फेरीत (कोणत्या, ते इथे महत्त्वाचे नाही) आम्ही वृद्धांना घरपोच जेवणाचे डबे देणाऱ्या बायकांच्या एका गटाला मदत करायचे ठरवले. गट नोंदणीकृत नव्हता. महाराष्ट्रात आपण धर्मादाय आयुक्तांकडे जातो. इथे ती नोंदणी प्राप्तिकर खात्याकडे असते आणि दहा बायकांच्या स्वयंपाकघराला ती परवडत नाही. त्या काळच्या कायद्याप्रमाणे नोंदणी नसलेल्या गटाला सरळ अनुदान देता येत नसे. त्यांचे काम हे आमचेच काम आहे, ते आमच्या सूचनेने आणि आमच्या देखरेखीखाली चालते, असा करार करावा लागे आणि मग तसे वागूनही दाखवावे लागे. त्यामुळे बटाट्याची पोती, तेलाचे डबे, फॉइलच्या थाळ्या यांच्या पावत्या दर शुक्रवारी बुटांच्या खोक्यातून आमच्या कार्यालयात येत. दुकानाच्या पावतीची शाई महिन्याभरात उडते, म्हणून आमच्या व्यवस्थापक बाई प्रत्येक पावतीची आधी प्रत काढत आणि मग ती वहीत नोंदवत. फ्रीझर बिघडला तेव्हा त्याची दुरुस्ती मंजूर अंदाजपत्रकात बसेना. परवानगी येईपर्यंत मुदत संपली आणि उरलेली रक्कम परत करावी लागली. फ्रीझर त्या बायकांनी वर्गणी काढून दुरुस्त केला. चाळीस वर्षे त्याच गावात रांधणाऱ्या बायकांवर देखरेख करण्याची माझी योग्यता काय, हा प्रश्न मला त्या सबंध हिवाळ्यात सुटला नाही.

न्याय्य बोलायचे तर २०२२ च्या जूनमध्ये कायदा बदलला आणि नोंदणी नसलेल्या गटांनाही योग्य ती काळजी घेऊन अनुदान देण्याची वाट मोकळी झाली. खोका त्यामुळे लहान झाला असेल, पण सरकारी पैशाची मुदत आणि त्याचा हिशेब तर राहतोच, आणि तो त्याच बाईंच्या टेबलावर येतो.

आता पाहणीची बाजू. व्हायटल साइन्सचा जन्म राष्ट्रीय संघटनेच्या ओटावातल्या कार्यालयात झालेला नाही. २००१ साली टोरांटोच्या फाउंडेशनने आपल्या शहरापुरता हा अहवाल काढला. राष्ट्रीय संघटनेने तो पुढे देशभर नेला, आणि आता इतर देशांतली फाउंडेशनेही त्याच नावाने अहवाल काढतात. एका सभासदाची कल्पना उचलून बाकीच्यांच्या हाती देणे हे मला अशा संघटनेचे सर्वांत चांगले काम वाटते. घरे, आरोग्य, शिक्षण, सुरक्षितता, आपलेपणाची भावना अशा विषयांची मांडणी तयार मिळते, आधी करून पाहिलेल्यांचे अनुभव मिळतात. भर आपण घालायची असते.

अडचण आकड्यांची आहे, आणि लहान गावात ती गंभीर आहे. जनगणनेतले आकडे गोपनीयतेसाठी थोडे वर-खाली करून पाचाच्या पटीत दिलेले असतात, त्यामुळे चाळीस-पन्नास माणसांच्या समूहाबद्दल ते फारसे काही सांगू शकत नाहीत. २०११ साली सविस्तर प्रश्नावलीची सक्ती काढली गेली, तेव्हा तर हजाराहून अधिक लहान ठिकाणांचे आकडे पुरेशा प्रतिसादाअभावी प्रसिद्धच झाले नाहीत. २०१६ ला सक्ती परत आली तरी मधली ती फट भरून निघत नाही. शिवाय मांडणी आणि छपाईवर बरा खर्च होतो, आणि अहवाल कपाटात पडून राहण्याची भीती असतेच.

आम्हाला उपयोग झाला तो आकड्यांमागे घेतलेल्या बैठकांचा. सार्वजनिक वाहतुकीचा तक्ता दोन ओळींचा होता आणि त्यात चिंताजनक काही दिसत नव्हते. वाचनालयाच्या तळघरात, कॉफी आणि टिम हॉर्टन्स या कॉफीच्या दुकानातल्या टिमबिट्सच्या (डोनटच्या लहान गोळ्यांच्या) खोक्याभोवती बसलेल्या लोकांकडून कळले की नवागतांचा इंग्रजीचा वर्ग आठला सुटतो आणि शेवटची बस सात चाळीसला जाते. गावात त्या वर्गाची गळती ‘त्यांना रस नाही’ या खात्यावर जमा होती. अहवालातला तो परिच्छेद वाचून एका जुन्या देणगीदाराने फक्त प्रवासखर्चासाठी निधी उघडला. रक्कम मोठी नाही, पण तिला मुदत नाही.

मोठ्या शहरातल्या, स्वतंत्र हिशेबनीस असलेल्या फाउंडेशनला माझा अनुभव लागू पडेलच असे नाही, आणि गावावर पूर किंवा वणव्यासारखे संकट असेल तर पाहणीची भाषा करणेही बरे दिसणार नाही. अशा वेळी मीही येईल तो पैसा आधी घेईन. एरवी, दोहोंपैकी एकच झेपणार असेल, तर पहिली दोन वर्षे पाहणीला द्यावीत असे मला वाटते. त्यानंतर सरकारी पैशाची एखादी फेरी आलीच, तर कोणाच्या दारात जायचे हे तरी आपल्याला ठाऊक असते. आम्ही पुढच्या फेरीत मोजके अर्ज घेतले, आणि व्यवस्थापक बाईंचे तास वाढवून देण्याची तरतूद आधी करून मगच सही केली.