१९:१९:१९ विद्राव्य खत, गॅलरीतल्या कुंड्यांसाठी (५ पैकी ४ स्टार)

द्राक्ष-डाळिंबवाले ड्रिपमधून सोडतात तेच हे खत, कृषी सेवा केंद्रात एक किलोचं पाकीट मिळतं. ऑनलाइन 'फ्लॉवर बूस्टर' म्हणून ज्या चकचकीत डब्या विकतात त्यातल्या कितीतरींवर नत्र-स्फुरद-पालाशचे (म्हणजे नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशचे) आकडेच नसतात, मग आत काय आहे ते देवाला माहीत. आकडे नाहीत तर घेऊ नका, सरळ हिशोब.

या पाकिटावर तिन्ही १९. स्फुरदाचा १९ हा ऑक्साइडच्या रूपातला असतो बरं का, शुद्ध फॉस्फरस काढला तर ८ टक्क्यांच्या आसपासच, पण सगळ्या कंपन्या असंच छापतात त्यामुळे तुलना करताना काही बिघडत नाही.

विरघळतं झकास. मी आधी ग्लासभर पाण्यात पंधराएक ग्रॅम ढवळून घेते, ग्लास हाताला चक्क गार लागतो, तळाशी गाळ नाही, आणि मग ते बादलीभर पाण्यात, म्हणजे लिटरला साधारण एक ग्रॅम पडतं. कुंडीला यापेक्षा जास्त नको, आणि माती आधी ओली हवी नाहीतर मुळं करपतात.

कढीपत्ता, पुदिना, नवीन रोपं, सगळ्यांना एकदम मानवलं. मोगऱ्याला मात्र पानंच पानं आली, कळ्या मोजक्या, कारण नत्र भरपूर. कळ्या धरायच्या वेळी हे बंद करून ०:५२:३४ द्यायचं, त्यात नत्र शून्य.

एक स्टार का कापला? यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह काहीच नाही आणि दुकानदार 'सगळ्यावर चालतं' म्हणून देतो. खालची जुनी पानं पिवळी पडत असतील तर बहुतेक नत्र कमी, तिथे हे कामाला येतं. पण जास्वंदीची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं दिसलं तर ती लोहाची कमतरता, तिथे हे कितीही ओता उपयोग नाही, चिलेटेड लोह (झाडाला सहज शोषता येईल अशा रूपातलं) आणावं लागतं. टोमॅटो बुडाशी काळे पडत असतील तर कॅल्शियमचं बघा (पाणी कधी धो धो कधी अजिबात नाही, हेही कारण असतं). फक्त कॅल्शियम नायट्रेट याच बादलीत मिसळू नका, स्फुरदाशी जुळून पांढरा साका बसतो आणि स्प्रेचं तोंड चोंदतं.

पॅकिंग बेकार, झिप नाही. पावसाळ्यात उघडं राहिलं की ओलं ढेकूळ होतं, घरी आणल्या आणल्या घट्ट झाकणाच्या बरणीत भरा.