जॅक कोणता घ्यायचा? आधी गाडीखाली वाकून माप घ्या

चाकं काढून ब्रेक पॅड आपणच बदलायचे, ऑइल आपणच बदलायचं असं ठरलं की पहिली खरेदी जॅकची होते. बहुतेक जण तेव्हा खोक्यावर लिहिलेले टन बघतात. टनांवरून फारसं काही ठरत नाही. साधारण १,२०० किलोच्या गाडीचं एक चाक उचलताना जॅकवर ३००-४०० किलो येतात, पुढची दोन्ही चाकं एकदम उचलली तर ६००-७००. म्हणजे २ टनांचा कुठलाही धड जॅक वजनाला पुरतो. अडतं ते वेगळ्याच तीन गोष्टींवर. जॅक गाडीखाली शिरतो का? हवा तेवढा वर जातो का? आणि गाडी वर गेल्यावर तिला टेकू द्यायचे लोखंडी स्टँड लावायला जागा उरते का?

गाडीबरोबर मिळणारा कात्री जॅक बहुतेकांकडे असतोच. मग नवीन कशाला घ्यायचा, हा प्रश्न रास्त आहे. या जॅकचे दोन गुण मी मानतो. तो बराच खाली बसतो, त्यामुळे टायर पूर्ण बसला असला तरी गाडीखाली जातो. आणि तो आट्यांवर चालतो, त्यामुळे तेल गळून हळूहळू खाली येण्याची भानगड नाही. पण त्याचं बूड तळहाताएवढं असतं आणि सगळा भार एका उंच, अरुंद चौकटीवर तोललेला असतो. एकदा अगदी किंचित उताराच्या फरशीवर मी याच जॅकवर गाडी घेऊन ब्रेकचा कॅलिपर सोडवत होतो. बोल्ट हलत नव्हता म्हणून पाना जोरात ओढला आणि नजर जॅकच्या बुडाकडे गेली. बुडाची एक कड नाण्याच्या जाडीएवढी उचलली गेली होती, त्या फटीतून पलीकडचा उजेड दिसत होता. मी पाना खाली ठेवला, काढलेलं चाक आडवं करून गाडीखाली सरकवलं आणि मगच जॅक उतरवायला घेतला. स्टेपनी लावायला हा जॅक चांगला आहे, त्याच कामासाठी तो दिलेला असतो. बोल्ट ओढायचे, हातोडी मारायची अशा कामाला तो नाही.

बॉटल जॅकचा मोह आकारामुळे होतो. एवढासा दिसतो आणि कित्येक टन उचलतो. छोट्या पिस्टनने ढकललेलं तेल मोठ्या पिस्टनला वर नेतं, त्यामुळे हाताला जोर फार लागत नाही. अडचण उंचीची. पूर्ण खाली असतानाच तो साधारण १५० ते २०० मिलिमीटर उंच असतो. छोट्या गाडीच्या दाराखालची कड जमिनीपासून जवळपास तेवढ्याच उंचीवर असते. त्यात १८५/६५ मापाच्या टायरची भिंत १२० मिलिमीटर धरा. हवा पूर्ण गेली की तो कोपरा ५-६ सेंटिमीटर सहज खाली येतो आणि जॅक आत जाईनासा होतो. वरचं टोकही लहान आणि गोल, पातळ पत्र्याच्या कडेला ते धरवत नाही. चेसिस (खालचा लोखंडी सांगाडा) वेगळी असलेल्या उंच गाडीला, पिकअपला, अॅक्सलखाली लावायला बॉटल जॅकसारखा दुसरा नाही. छोट्या गाडीसाठी मात्र तो घेऊ नका.

राहिला ट्रॉली जॅक, म्हणजे चाकांवर सरकणारा, दांड्याने पंप मारायचा आडवा जॅक. घरी काम करायचं असेल तर माझं मत सरळ याच्या बाजूने आहे, पण ट्रॉली जॅकही दोन जातींचे असतात आणि फसगत होते ती इथेच.

आधी हे बघा की स्टँड कुठे बसणार. स्टँडची जागा म्हणजे दाराखालच्या कडेवर खुणा केलेले मजबूत भाग, आणि छोटा जॅकही नेमका तिथेच लावावा लागतो. जागा एक आणि लावायच्या वस्तू दोन! उपाय म्हणजे गाडी पुढून किंवा मागून मधोमध उचलायची आणि दोन्ही कडांखाली स्टँड लावायचे. मधोमध कुठे उचलायचं हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. बऱ्याच गाड्यांना ती जागा पुढच्या क्रॉस मेंबरवर (गाडीखालच्या आडव्या तुळईवर) असते, म्हणजे बंपरपासून बरीच आत. आठ-नऊ किलोचा आटोपशीर ट्रॉली जॅक तिथवर पोचला तरी त्याचा दांडा बंपरला टेकतो आणि पंप मारायला जागाच उरत नाही. लांब सांगाड्याचा, कमी उंचीचा जॅक ७५ ते १०० मिलिमीटरवर आत शिरतो आणि ४५०-५०० मिलिमीटरपर्यंत उचलतो. तो लोखंडी असला तर ३० किलोच्या पुढे जातो, रोज उचलून ठेवायचा असेल तर पाठीचा विचार करा. अॅल्युमिनियमचा हलका मिळतो, पण महाग पडतो.

छोट्या ट्रॉली जॅकचा आणखी एक हिशेब राहून जातो. तो बहुधा ३३० मिलिमीटरच्या आसपास थांबतो. स्टँडची सर्वांत कमी उंची २७०-३०० मिलिमीटर असते. गाडी वर जाताना स्प्रिंग मोकळ्या होतात आणि चाक अजून जमिनीला चिकटूनच राहतं, हे लक्षात घेतलं की सगळी उंची तिथेच संपते. म्हणून जॅक आणि स्टँड वेगवेगळ्या दिवशी घेऊ नका. दोघांचे आकडे शेजारी ठेवून, गाडीच्या कडेचं माप हातात घेऊनच घ्या.

ट्रॉली जॅकला सपाट, टणक जमीन लागते. त्याची वाटी, म्हणजे गाडीला टेकणारं टोक, सरळ वर जात नाही, कमानीत जाते. जॅकची चाकं फिरून तेवढा फरक भरून काढतात. मऊ मातीत ती रुततात, मग जॅकऐवजी गाडीच सरकते किंवा वाटी कडेवरून घसरते. उन्हात तापलेल्या डांबरावर स्टँडचे पाय रुततात, तिथे खाली जाड प्लायवूड घाला.

स्टँडवर पैसे वाचवू नका, कारण गाडीखाली असताना तुमचा जीव जॅकच्या रबरी सीलवर असता कामा नये. सील आतून कधी झिजेल हे बाहेरून दिसत नाही. स्टँडमध्ये लोखंड लोखंडावर टेकलेलं असतं. दातांचा स्टँड की आरपार पिन घालायचा? मी पिनवाला निवडतो. उंची कमी-जास्त करायला त्यात मोजकीच भोकं असतात हे खरं, पण पिन आरपार गेली की नाही हे डोळ्यांना दिसतं. २०२० साली अमेरिकेत लाखो दातांचे स्टँड परत मागवावे लागले, कारण खिटी दातात पूर्ण न बसल्यामुळे भार पडताच ते खाली बसू शकत होते. दातांचाच घ्यायचा तर सोबत सुरक्षा पिन असलेला घ्या. गाडी टेकवल्यावर खाली जाण्याआधी फेंडरला धरून दोन्ही हातांनी चांगली हलवा. पडायची असेल तर तुम्ही बाहेर असतानाच पडू दे.

फक्त ऑइल बदलायचं असेल तर यातलं काहीच नको, रॅम्पची जोडी घ्या. गाडी चढवली, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना ठोकळे लावले की काम सुरू. चाक मात्र काढता येत नाही.

ठोकळ्यांशिवाय जॅकला हात लावू नका. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांना धरतो, म्हणजे मागची बाजू उचलली की तो निकामी. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी गियरमध्ये ठेवली असेल आणि पुढचं एकच चाक उचललं, तर ते हवेत उलटं फिरतं आणि जमिनीवरचं चाक मोकळं होतं. डिफरन्शियलचं (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या यंत्रणेचं) काम असंच असतं. म्हणून उचलायच्या बाजूच्या विरुद्ध टोकाला, चाकाच्या दोन्ही अंगांना ठोकळे हवेत.

आता पाने. गाडीबरोबरचा एल पाना आखूड असतो. १०० न्यूटन मीटरला (हे पिळाच्या जोराचं माप) घट्ट असलेला नट ३० सेंटिमीटरच्या दांड्याने सोडवायला साधारण ३४ किलोचा जोर लागतो, ६० सेंटिमीटरच्या ब्रेकर बारने, म्हणजे लांब, जाड दांड्याने, १७. त्यामुळे ब्रेकर बार आणि चाकाच्या नटाच्या मापाची एक चांगली गोटी (सॉकेट), एवढं आधी घ्या. गोटी सहा कोनांची असू दे. बारा कोनांची पटकन बसते, पण गंजलेल्या नटाचे कोपरे ती खाते. नट अर्धा फेरा ढिले करायचे ते चाक जमिनीवर असतानाच.

ब्रेकर बार सोडवायला, घट्ट करायला टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळलं ते सांगणारा पाना. एल पान्यावर उभं राहून नट आवळणारे मी पाहिले आहेत. ७० किलोचा माणूस ३० सेंटिमीटरवर उभा राहिला की २०० न्यूटन मीटरच्या वर जातो, जवळपास दुप्पट. स्टड (ज्यावर नट बसतो तो आट्यांचा दांडा) ताणला जातो आणि पुढचं पंक्चर वाटेत झालं की तोच नट सुटत नाही. काट्याचा टॉर्क रेंच बिघडत नाही, पण आकडा समोरून वाचावा लागतो, गाडीशेजारी बसून ते जमत नाही. म्हणून ‘टक्’ वाजणारा बरा. साधारण ४० ते २०० न्यूटन मीटरचा घ्या. ऑइलच्या ड्रेन प्लगला मात्र तो वापरू नका. तो प्लग बऱ्याच गाड्यांना २५ ते ४० न्यूटन मीटरचाच असतो आणि अगदी खालच्या आकड्यांना या रेंचचा भरवसा कमी होतो. अॅल्युमिनियमच्या सम्पचे (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याचे) आटे गेले की दुरुस्ती महागात पडते. काम झालं की रेंच सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवा, नाहीतर आतली स्प्रिंग दबलेली राहते.

चाक बसवताना नट समोरासमोरच्या जोड्यांनी आधी हाताने, मग गाडी खाली उतरवून रेंचने लावा. आकडा गाडीच्या पुस्तिकेतला. ५० ते १०० किलोमीटर गाडी चालली की चाकं थंड असताना पुन्हा एकदा रेंच फिरवा. नट न हलता ‘टक्’ वाजला तर ठीक, हलला तर आणखी तेवढ्याच अंतरानंतर परत बघा.