लाल की पांढरी? घरच्या वाइनसाठी तोडणीपूर्वी घ्यायचा निर्णय

द्राक्षतोडणीच्या दिवशी घरातील माणसे जमलेली असतात, पिंपे धुऊन उपडी घातलेली असतात आणि घड येऊ लागलेले असतात. अशा वेळी लाल वाइन करायची की पांढरी, हा विचार सुरू केला तर फार उशीर झालेला असतो. दोन्हींची साधने वेगळी आहेत, कामाचा क्रम उलटा आहे आणि माणसांची खरी निकड दोन्हींमध्ये वेगवेगळ्या दिवशी भासते. यापूर्वी कधीही वाइन न केलेल्या आणि यंदा पन्नास ते शंभर किलो द्राक्षांवर घरच्या मंडळींसह हात चालवून पाहण्याचा बेत असलेल्या वाचकासाठी ही तुलना आहे. घरापुरती वाइन करण्यास मुभा आहे का, असल्यास किती, याचे नियम देशागणिक बदलतात. ते आपापल्या ठिकाणी आधी पाहून घ्यावेत.

दोन वाइनमधील फरक द्राक्षाच्या रंगापेक्षा सालीच्या सहवासात अधिक आहे. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर आणि रस जवळजवळ रंगहीन असतो; अलिकांते बुशेसारख्या मोजक्याच जातींचा गरही लाल असतो. रंग सालीकडून येतो आणि तुरटपणा देणारे टॅनिन प्रामुख्याने साल व बी यांच्याकडून येते. लाल वाइन करताना द्राक्षे फोडून साली, बिया आणि रस एकत्रच आंबवतात आणि चोथा नंतर पिळतात. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे आधी पिळतात आणि फक्त रस आंबवतात. म्हणूनच काळ्या द्राक्षांपासूनही पांढरी वाइन होऊ शकते, हिरव्या द्राक्षांपासून मात्र लाल होत नाही. पिळणे आधी की नंतर, या एका फरकातून पुढचे जवळजवळ सगळे फरक निघतात.

पहिला दिवस

ताजी द्राक्षे पिळणे हे दिसते त्यापेक्षा बरेच अवघड काम आहे. न आंबलेला गर बुळबुळीत असतो, त्यातील पेक्टिन हा चिकट घटक रसाला धरून ठेवतो, आणि दाब वाढवला की चोथा सटकून बाजूने बाहेर येऊ पाहतो. पांढऱ्या वाइनसाठी म्हणूनच खरे दाबयंत्र हवे. ते विकत घ्यावे, भाड्याने आणावे किंवा ओळखीतून मागून आणावे, पण त्याविना शंभर किलो द्राक्षे हाताने पिळण्याचा विचार करू नये. इथे एक गोष्ट नवख्याला उलटी वाटते: पांढऱ्यासाठी घड देठांसह दाबले तरी चालतात, किंबहुना देठांमुळे चोथ्यात रस वाहण्यास वाटा राहतात. हे सारे काही तासांत उरकावे लागते, कारण फुटलेल्या द्राक्षातील विकरे (एन्झाइम) हवेशी संपर्क येताच रस तपकिरी करू लागतात. रस निघाल्यावर तो थंड जागी बारा ते चोवीस तास निवळू द्यायचा, तळाशी बसलेला गाळ मागे ठेवून वरचा रस नळीने दुसऱ्या भांड्यात घ्यायचा आणि मग यीस्ट घालायचे. म्हणजे दिवस संपला तरी काम संपत नाही.

लाल वाइनचा पहिला दिवस याउलट सैल असतो. देठ काढायचे, कारण आठवडाभर रसात राहिलेले हिरवे देठ कडवट तुरटपणा देतात, द्राक्षे फोडायची, आणि सगळे उघड्या तोंडाच्या, खाद्यपदार्थांसाठी योग्य अशा पिंपात दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भरेल इतके घालायचे. वरची जागा रिकामी ठेवणे आवश्यक असते, कारण आंबवण सुरू झाल्यावर साली वर उचलल्या जातात. देठ काढण्याचे काम कंटाळवाणे असले तरी दहा हातांनी गप्पा मारत सहज होते आणि त्यात लहान मुलांनाही सामील करून घेता येते. फोडण्यासाठी धुतलेले हात किंवा पाय उत्तम. मिक्सरचा मोह मात्र टाळावा, कारण पाते बिया चिरते आणि चिरलेल्या बियांचा कडूपणा नंतर काही केल्या जात नाही. दाबयंत्राची गरज सात-आठ दिवसांनी पडते, आणि तोवर आंबलेल्या साली इतक्या मऊ झालेल्या असतात की थोड्या प्रमाणात असतील तर जाड कापडातून पिळूनही भागते.

केवळ जमलेल्या माणसांचा आनंद मोजायचा झाला तर पहिल्या दिवसाचे पारडे माझ्या मते लालकडे झुकते. पांढऱ्याच्या वेळी दोन माणसे दाबयंत्रापाशी घाम गाळतात आणि उरलेले घड्याळाकडे पाहत उभे राहतात.

पाहुणे गेल्यानंतर

दुसऱ्या दिवसापासून हिशेब फिरतो, आणि लालच्या बाजूने बोलणारे लोक नेमके हेच सांगत नाहीत. आंबवण जोमाने सुरू झाली की निघणारा वायू सालींना वर ढकलतो आणि रसावर त्यांचा जाड थर तरंगू लागतो. हा थर दिवसातून दोन ते तीन वेळा खाली दाबून रसात बुडवावा लागतो. नाही तर रंग पुरेसा उतरत नाही, थराखाली उष्णता साठते आणि वरच्या कोरड्या सालींवर व्हिनेगरचे जिवाणू वाढतात. पिंप कापडाने झाकून फळमाश्याही दूर ठेवाव्या लागतात, कारण त्याही हे जिवाणू आणतात. पाच ते दहा दिवस एकही पाळी न चुकवता हे काम करणारे कोणी घरात असले पाहिजे. तोडणीच्या दिवशी पंधरा जण आले, पण सोमवारपासून घरात एकच माणूस आहे आणि तोही सकाळी सात ते रात्री नऊ बाहेर, अशी स्थिती असेल तर लाल वाइनचा बेत कागदावरच बरा.

पांढऱ्या वाइनला या काळात रोज हात लावावा लागत नाही. एअरलॉक (वायू बाहेर सोडणारे, पण हवा आत न येऊ देणारे झाकण) बसवलेल्या काचेच्या बुधल्यात ती दोन ते चार आठवडे शांतपणे आंबत राहते आणि दिवसातून एकदा तापमान पाहिले, बुडबुडे येत आहेत ना याची खात्री केली, की पुरते. तिची मागणी निराळी आहे: तिला गारवा लागतो. पांढऱ्याचे नाजूक सुगंध टिकावेत म्हणून ती साधारण १२ ते १८ अंश सेल्सियसमध्ये आंबवतात. आंबवण स्वतःच उष्णता निर्माण करते, त्यामुळे खोली १८ अंशांवर असली तरी बुधला त्याहून गरम होतो. तळघर नसेल, रिकामा फ्रीज नसेल आणि बर्फाच्या पाण्याच्या टबात बुधले ठेवून बर्फ बदलत राहण्याची तयारी नसेल, तर वाइन बिघडेलच असे नाही, पण जिच्यासाठी पांढरी केली ती फुलांची, फळांची ताजी झाक तिच्यात राहणार नाही. लाल वाइनला २२ ते २८ अंश चालतात, उलट रंग आणि टॅनिन उतरण्यासाठी ही ऊब उपयोगी पडते. ३२-३३ अंशांच्या वर मात्र यीस्ट थकू लागते आणि साखर संपण्याआधीच आंबवण अडकण्याचा धोका निर्माण होतो.

दोन्हींना सारखीच लागू असलेली एक बाब सुरक्षिततेची आहे. एक लिटर गोड रस पूर्ण आंबताना पन्नास लिटरहून अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने बंद खोलीत, विशेषतः तळघरात, जमिनीलगत साठतो आणि त्याने माणूस गुदमरू शकतो. खिडकी उघडी ठेवावी, मुलांना त्या खोलीत एकटे जाऊ देऊ नये आणि पिंपात डोके घालून वास घेऊ नये. घरात कुत्रा असेल तर द्राक्षे आणि चोथा त्याच्या आवाक्याबाहेर ठेवावा. द्राक्ष कुत्र्यांसाठी विषारी असते आणि टाकून दिलेला चोथाही त्याला अपवाद नाही.

चुका कोण पोटात घालते

नवख्याच्या हातून चुका होणारच. तेव्हा कोणती वाइन त्या सोसते, हा प्रश्न चवीच्या प्रश्नापेक्षा आधी विचारावा. मुख्य शत्रू हवा आहे. लाल वाइनमधील टॅनिन आणि रंगद्रव्ये बराचसा प्राणवायू शोषून घेतात, त्यामुळे गाळ वेगळा करताना थोडे हिंदकळले, बुधला गळ्यापर्यंत भरायला एक दिवस उशीर झाला, तरी ती सहसा सावरते. पांढरी वाइन अशा एका दिवसात रंग बदलते आणि तिला मार लागलेल्या सफरचंदासारखा वास येऊ लागतो. तिच्यात प्रथिनांचे धुकेही येऊ शकते आणि ते काढण्यासाठी बेंटोनाइट ही माती वापरावी लागते. लालमध्ये टॅनिनच बहुतेक प्रथिनांना तळाशी बसवते.

हवा आणि जिवाणूंपासून वाइनचे रक्षण करणारी पोटॅशियम मेटाबायसल्फाइट (सल्फाइट) ही पावडर दोन्हींना लागते. त्याच्या वजनाच्या सुमारे ५७ टक्के सल्फर डायऑक्साइड मिळतो, म्हणून दहा लिटर रसात लिटरमागे ५० मिलिग्रॅम हवे असेल तर साधारण ०.९ ग्रॅम पावडर पुरते. एवढे वजन चमच्याने मोजू नये; ग्रॅमचे अंश दाखवणारा छोटा काटा घ्यावा. ज्यांना दमा आहे त्यांनी ही पावडर हाताळण्याचे काम दुसऱ्यावर सोपवावे.

लालमध्ये एक धोका असा आहे जो पांढऱ्यात सहसा टाळता येतो. मुख्य आंबवण संपल्यावर जिवाणू मॅलिक आम्लाचे लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात आणि त्यातही वायू निघतो. लालमध्ये हा टप्पा बहुधा मुद्दाम होऊ देतात, कारण त्याने आंबटपणा मऊ होतो. पण तो संपण्याआधी बाटल्या भरल्या तर वाइन बाटलीतच फसफसते आणि बुचे उडतात. पांढऱ्यात पुरेसे सल्फाइट आणि गारवा यांनी तो थांबवून ठेवता येतो. साखर संपली आहे ना, हे मात्र दोन्हींमध्ये हायड्रोमीटरने (द्रवाची घनता दाखवणाऱ्या साधनाने) तपासावे. सुरुवातीला १.०९० ते १.१०० च्या आसपास असलेला आकडा १.००० च्या खाली, साधारण ०.९९२ ते ०.९९६ पर्यंत उतरून काही दिवस तिथेच थांबला पाहिजे. बुडबुडे थांबले म्हणजे काम झाले, असे मानणे ही नवख्याची सर्वांत सामान्य चूक आहे.

वेळेच्या बाबतीत पांढरी पुढे आहे. ती चार ते सहा महिन्यांत बाटलीत जाते आणि ताजी पिण्यातच तिची मजा असते. लालला टॅनिन मऊ होण्यासाठी वर्षभर ठेवलेले बरे. उत्पन्न जवळपास सारखेच, शंभर किलोंमागे साठ-पासष्ट लिटर, घरच्या साध्या दाबयंत्रावर पांढऱ्यात थोडे कमी.

द्राक्षांच्या जातीलाही निर्णयात मत असते. खाण्याची बिनबियांची द्राक्षे बहुधा १६ ते १८ ब्रिक्सवर (ब्रिक्स म्हणजे रसातील साखरेची साधारण टक्केवारी) तोडलेली असतात. एका ब्रिक्समागे साधारण ०.५५ ते ०.६ टक्के मद्यार्क धरला तर वाइन नऊ-दहा टक्क्यांवर थांबते, शिवाय सालीत द्यायला फारसे काही नसते आणि बिया तर नसतातच. त्यांची लाल वाइन फिकी आणि पोकळ लागते. अशीच द्राक्षे मिळणार असतील तर पांढरी करावी, किंवा काळी असतील तर साली रसात काही तास ठेवून मग पिळावे आणि गुलाबी रोझे करावी. पिळण्याचे आणि गारव्याचे कष्ट मात्र रोझेलाही पांढऱ्याइतकेच पडतात, त्यामुळे सोपा मध्यममार्ग म्हणून तिच्याकडे पाहू नये.

पुढचे दहा दिवस कोणी तरी घरी असेल, द्राक्षे वाइनच्या जातीची आणि २२ ब्रिक्सच्या वर पिकलेली असतील, तर पहिल्या वर्षी मी लालच करण्याचा सल्ला देईन. दाबयंत्र हाती आहे, गार जागा आहे आणि शिस्तीने काम करणारी तीन-चार माणसे पहिल्या दोन दिवसांसाठीच मिळणार आहेत, अशा घराने पांढरी निवडावी. दोन्ही बाजू समसमान वाटल्या तर शंभर किलोंची वाटणी करून दोन्ही करू, हा विचार मनात येतो; तो पहिल्या वर्षी करू नये, कारण त्या दिवशी देठ काढणारे आणि दाबयंत्र धुणारे एकाच नळापाशी उभे राहतात.

हा सगळा निर्णय तोडणीच्या सकाळी बदलावा लागू शकतो, याचीही तयारी ठेवावी. पाऊस होऊन गेला असेल आणि घडांवर करड्या बुरशीचे डाग दिसत असतील, तर कुजलेले मणी एकेक करून काढावे लागतात. डाग फार असतील तर लालचा बेत सोडून द्यावा, कारण त्या बुरशीचे विकर आठवडाभर सालींबरोबर राहिल्यास रंगच खाऊन टाकते आणि सल्फाइटलाही फारसे जुमानत नाही. अशा द्राक्षांतील जे मणी चांगले उरतील ते त्वरित पिळून रस वेगळा करणे हाच शहाणा मार्ग असतो. म्हणून लाल करायचे ठरले असले तरी दाबयंत्र पहिल्याच दिवसापासून मिळेल, अशी सोय करून ठेवावी.