सीनियर सिटिझन 'मसल हेल्थ' पॅकेज: सर्व्हिस मस्त, नाव फसवं

आईसाठी हे रक्ततपासणीचं पॅकेज घेतलं, पाय बारीक झालेत तिचे आणि खुर्चीतून उठताना आधार लागतो म्हणून. सॅम्पल न्यायला आलेला मुलगा भारी, वेळेवर आला, नस पहिल्याच फटक्यात सापडली, रिपोर्ट संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर. पण आत आहे काय तर अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन), टोटल प्रोटीन, सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी टेस्ट), क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट), व्हिटॅमिन डी. अल्ब्युमिन ४.१ आलं (नॉर्मल साधारण ३.५ ते ५) आणि खाली मोठ्या अक्षरात "मसल स्टेटस: गुड". अहो कसं काय?? अल्ब्युमिन लिव्हर बनवतं, अंगात सूज किंवा इन्फेक्शन असलं की उतरतं, त्यावरून स्नायू किती उरलेत ते कळत नाही, आणि क्रिएटिनिन तर स्नायू कमी झाले तरी कमी येतं म्हणजे किडनी उगाच छान दिसते, त्यासाठी सिस्टॅटिन सी (स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली किडनीची टेस्ट) हवं होतं, ते यात नाहीच. सार्कोपेनियाच्या (वयामुळे स्नायू आणि ताकद कमी होणं) २०१९ च्या आशियाई गाइडलाइनमधे हाताची पकड बघतात, बायकांची १८ किलोच्या खाली म्हणजे कमी, किंवा खुर्चीतून ५ वेळा उठबस करायला १२ सेकंद नाहीतर जास्त लागले तरी गडबड. ही उठबस घरी घड्याळ लावूनसुद्धा जमते हो! डॉक्टरांनी सांगितलं तर डी, सीआरपी सुटं करा. मुलाला ५ स्टार, पॅकेजला २.