टॅगवर 4.88, आत 4.56: 'रिबिल्ट' ॲक्सलची फसवणूक

फोर-व्हील गाडीला पुढे बसवायला घेतलेला 'रिबिल्ट', म्हणजे उघडून नव्याने भरलेला, ॲक्सल दिसायला झकास होता. ताजा काळा रंग, झाकणाचं गॅस्केट नवं, पिनियनचं (इंजिनाकडून फिरणाऱ्या लहान गिअरचं) ऑईल सील नवं, झाकणाच्या बोल्टखाली 4.88 हा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला पिनियनचे किती फेरे, तो आकडा) कोरलेला पत्र्याचा टॅग. विकणारा म्हणाला, "सगळं उघडून नवं भरलंय, नुसतं बसवा." नवं होतं ते एवढंच, जे बाहेरून दिसत होतं.

31 इंची टायर काढून 35 इंची चढवले की 4.30 चा रेशो तोकडा पडतो. 4.30 गुणिले 35, भागिले 31, म्हणजे साधारण 4.85; म्हणून 4.88. बदल दोन्ही ॲक्सलना करावा लागतो. मागचा घरी भरला होता, क्राउनला (पिनियन फिरवतो त्या मोठ्या गिअरला) 39 दात आणि पिनियनला 8. पुढचा तयार घेतला. त्यात निघाले 41 आणि 9, म्हणजे 4.56. सात टक्क्यांचा फरक. चिखलात फोर-व्हील टाकून पाहिलं तेव्हा काहीच जाणवलं नाही, कारण तिथे टायर घसरून हिशेब मिटवतात. कडक जमिनीवर दोन्ही ॲक्सल एकमेकांविरुद्ध ओढू लागले, गाडी थोड्याच अंतरात आवळली आणि ट्रान्सफर केसचा (ताकद दोन्ही ॲक्सलना वाटणाऱ्या गिअरबॉक्सचा) लिव्हर टू-व्हीलला परत येईना. पार्ट-टाइम फोर-व्हील (गरजेपुरती टाकायची, दोन्ही ॲक्सल एकत्र जखडणारी) कडक जमिनीवर वळणावर आवळतेच. पण चारही टायर सारखे असताना सरळ जाताना आवळली, तर आधी रेशो तपासा.

ही तपासणी सौद्याआधी, ॲक्सल जमिनीवर पडलेला असतानाच होते. फ्री-व्हील हब (चाक ॲक्सलपासून सोडवता-जोडता येणारे) असतील तर लॉक करा. पिनियनच्या फ्लँजवर (शाफ्ट जोडायच्या तबकडीवर) आणि हाउसिंगवर (ॲक्सलच्या कवचावर) खडूची समोरासमोर खूण करा. एक हब कुणाला तरी घट्ट धरायला सांगा, दुसरा बरोबर दोन फेरे फिरवा आणि फ्लँजचे फेरे मोजा. पाचला थोडा कमी भरला तर 4.88, साडेचारच्या जरासा पुढे गेला तर 4.56. दोन्हींत जवळजवळ तिसरा हिस्सा फेऱ्याचं अंतर पडतं, डोळ्यांना सहज दिसतं. एक हब धरल्यावर दुसरा हलतच नसेल, तर 'लॉकर' (दोन्ही चाकं एकत्र जखडणारी यंत्रणा) म्हणून वेल्ड केलेले स्पायडर गिअर (दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारे छोटे गिअर) गळ्यात मारले जात असण्याची शक्यता मोठी. टॅगचं म्हणाल तर तो एका बोल्टचा धनी, कुठल्याही ॲक्सलवर बसतो.

रिबिल्टची थाप यापेक्षा महागात पडते. सील बदलायला पिनियन नट सोडला आणि जुन्याच क्रश स्लीव्हवर (पिनियनच्या बेअरिंगमधल्या, चेपून बसणाऱ्या नळीवर) पुन्हा आवळला. ती स्लीव्ह एकदाच चेपायची वस्तू. दुसऱ्यांदा तिच्यावर बेअरिंगचा प्रीलोड (आधीच दिलेला दाब) भरवशाने बसत नाही. पिनियन सैल राहतो, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की घूं-घूं सुरू होते, आणि दात खाल्ले जातात. इथे तो आवाज दाबायला जाडजूड ऑईल भरलं होतं. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी चिखल चालतो. चपट्या किरच्या निघाल्या, की बेअरिंग नाहीतर दात गेलेच.

झाकण उघडून मागा. क्राउन आणि पिनियनवर जोडीचा एकच नंबर कोरलेला असतो, तो जुळवा. बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) डायल गेजवर, क्राउनच्या तीन-चार जागी पाहा; पुष्कळ ॲक्सलना 0.15 ते 0.25 मिमी लागतो, नेमका आकडा त्या ॲक्सलच्या मॅन्युअलमधला घ्या. खरोखर भरणाऱ्याला शिमची (जागा भरायच्या पातळ चकत्यांची) जाडी आणि प्रीलोड तोंडपाठ नसले तरी कुठेतरी लिहिलेले असतात. "गॅस्केट खराब होईल" म्हणाला, तर नवं गॅस्केट खिशातून काढून द्या.